येशू दोघांचा, पण सारखा नव्हे



‘मुसलमान येशूला मानतच नाहीत’ हे गेल्या आठवड्यातल्या पत्रातील विधान साफ चुकीचे आहे. कुराणातली १९वी सुरा (अध्याय) येशूची आई मरियम हिच्याच नावाची आहे. ईसा, म्हणजेच येशू, कुमारी मातेच्या पोटी जन्मला, हेही तिथे मान्य. अडते ते पुढे. ११२व्या सुरेनुसार अल्लाला अपत्य नाही, म्हणून ईसा पैगंबर, देव नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच. हा फरक ‘सगळं सारखंच हो’ म्हणत झाकण्यातही हशील नाही. तरीही आमच्या कोळीवाड्यातून बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला मेणबत्ती लावून परतताना काहीजण मखदूमबाबांच्या दर्ग्यावरही माथा टेकतात. त्या बाबांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक!

– एक वाचक, वरळी कोळीवाडा