दह्यातला जीव आणि पावातला जीव

चतुर्दशीला मंदिरातून घरी आले, तर मंडळाच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज. "दह्यात जंतू, यीस्टही जंतूच. दही खाता, मग पावाला नाक का मुरडता?" त्याखाली दुसरीचं उत्तर, "निगोद म्हणजेच बॅक्टेरिया, विज्ञानाने सिद्ध केलंय." दोघींनाही भरपूर अंगठे. मला मात्र दोघींशी भांडायचं आहे.

मी बी.कॉम. झालेली, विज्ञान दहावीनंतर सुटलं. पण नातीचं आठवीचं पुस्तक घेऊन बसले. दही लावणारा जिवाणू आदिकेंद्रकी. त्याच्या पेशीत केंद्रक नाही, गुणसूत्र उघड्यावरच पडलेलं. एका खोलीचा संसार म्हणा ना, चूल तिथेच, अंथरूण तिथेच. यीस्टही एकाच पेशीचं, पण दृश्यकेंद्रकी. केंद्रकाला पडदा, ऊर्जेसाठी वेगळ्या तंतुकणिका, म्हणजे खोल्या पाडलेलं घर. आपल्या शरीराच्या पेशीही अशाच. म्हणजे यीस्ट दह्यातल्या जिवाणूपेक्षा आपल्या जवळचं! "एकच" कुठून झालं?

खाण्याचंही तेच. तोंड दोघांनाही नाही, विरघळलेलं अन्न दोघंही पेशीच्या आवरणातून शोषतात. जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतो, यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि वायू करतं, त्या वायूनेच पीठ फुगतं. अमीबा दृश्यकेंद्रकी, तो घास वेढून आत घेतो. जिवाणूला ते जमत नाही, पण काही जिवाणू उजेडाशिवाय नुसत्या गंधकावर, लोहावर, अमोनियावर जगतात. ही विद्या एकाही दृश्यकेंद्रकी जीवाकडे नाही.

"जंतू म्हणजे जंतू" असं मीही म्हणायचे. मग एकदा नायटा उठला आणि घशासाठी आणलेल्या, उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मी मनानेच चार दिवस घेतल्या. नायटा पसरला. डॉक्टर रागावले. ती गोळी जिवाणूची भिंत मोडते. नायटा ही बुरशी, यीस्टच्या कुळातली, तिची भिंतच वेगळ्या द्रव्याची. तेव्हा हा फरक फक्त परीक्षेपुरता नाही, बायांनो.

आता निगोद. जिवाणू म्हणजे एक पेशी, तिचं शरीर तिचं, आहार तिचा. निगोदात एका शरीरात अनंत जीव, आहार आणि श्वासही सामायिक. हे दोन्ही एक कसे? आगम जीव मोजतं इंद्रियांवरून, पुस्तक मोजतं केंद्रकावरून. रोखवहीतली रक्कम दुसऱ्याच्या खातेवहीत चढवली असती, तर आमच्या सरांनी वही भिरकावली असती. शिवाय ती खातेवही बदलते. 1969 मध्ये व्हिटाकर यांनी सगळे आदिकेंद्रकी एका गटात घातले. 1977 मध्ये वूज यांनी दाखवलं की त्यात दोन अगदी वेगळी घराणी आहेत. मग काय निगोदाचेही दोन भाग करायचे?

पाव मी खात नाही, कारण मी नियम घेतला आहे. त्याला यीस्टची साक्ष लागत नाही. जिला खायचा आहे तिने खावा, दह्याची ढाल करू नये.

पुस्तक सध्या माझ्याकडे आहे. जिला हवं तिने न्यावं, पण आठ दिवसांत परत द्यावं. नातीची सहामाही आली आहे.