पिसाळलेले कुत्रे आणि पुरलेला पुरावा

पेण किंवा रोहे येथील पेठेत एखादे कुत्रे चारदोघांस चावले म्हणजे पुढे काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. काठ्या निघतात, जनावर मारले जाते, गावाबाहेर खड्ड्यात पुरले जाते, आणि प्रकरण मिटले असे सर्वजण समजतात. आमच्या मते प्रकरण मिटत नाही. त्यातील मुख्य पुरावा तेवढा पुरला जातो.

लाळ गळते, डोळे लाल दिसतात, एवढ्यावरून कुत्रे पिसाळल्याचे सिद्ध होत नाही. जिवंत जनावराची खात्रीलायक परीक्षा नाही. निर्णय मिळतो तो मृत्यूनंतर, मेंदूतून. १९०३ मध्ये इटलीतील नेग्री याने रोगट मेंदूच्या पेशींत विशिष्ट कण दाखविले. आज मेंदूच्या देठाचा व लहान मेंदूचा अंश घेऊन त्यावर चकाकणारी प्रतिद्रव्ये सोडतात. विषाणू असल्यास तो सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा उजळतो. त्यासाठी डोके अभंग व नमुना बर्फात थंड राहिला पाहिजे. अर्थात डोक्यावर घातलेली काठी न्याय करीत नाही, पुरावा मात्र नष्ट करते.

कोणी म्हणतील, लस टोचली की झाले. चावलेल्या मनुष्याने परीक्षेची वाट मुळीच पाहू नये. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा. भगताचा अंगारा येथे प्राणघातक आहे, कारण लक्षणे उमटल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. परंतु ज्या मुलाचा ओरखडा त्याच कुत्र्याने चाटला, जी गाय त्याने चावली, त्यांची आठवण कोणास राहते? प्रयोगशाळेचा होकार आला, तरच त्यांचा शोध निकडीने होईल. एरवी साप साप म्हणून भुई धोपटणे चालू राहील.

पेणेवरून जाणारा महामार्ग ज्या गोव्यास पोहोचतो, तेथे कुत्र्यांस सामुदायिक लस टोचण्याबरोबरच संशयित जनावरांचा शोध व परीक्षा चालविली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील कुत्र्यांतील मासिक रोगसंख्या ९२ टक्क्यांनी उतरली. जे गोव्यास साधले, ते कुलाब्याचे रायगड झालेल्या या जिल्ह्यास का साधू नये?

कायदा अपुरा नाही. २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्याच्या अनुसूचीत हा रोग आहे, आणि शंका येताच खबर देण्याचे कर्तव्य मालकावर व सार्वजनिक संस्थांवर आहे. पुण्यास औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभागही आहे. उणीव आहे ती मधल्या दुव्याची. पेण व रोहा-अष्टमी या नगरपरिषदांनी स्वतः लस घेतलेला शिक्षित माणूस, बर्फाची पेटी आणि नमुना पोहोचविण्याची नेमकी व्यवस्था ठेवावी. व्यापारी मंडळींनी त्याचा पाठपुरावा करावा.

कुत्र्यांपासून होणारे मानवी मृत्यू २०३० पर्यंत शून्यावर आणण्याचा संकल्प भारत सरकारने २०२१ मध्ये जाहीर केला आहे. पण जेथे मोजणीच नाही, तेथे शून्य लिहिणे सोपे; ते खरे ठरविणे कठीण. खड्डा खणण्यापूर्वी पशुवैद्यास बोलवा, एवढेच आमचे मागणे आहे.