विकत घेतलेला खेळ

परवा भालकीस बहिणीकडे गेलो, तो भाचा खट्टू होऊन बसलेला. पैसे मोजून घेतलेला त्याचा संगणकावरचा खेळ कंपनीने एकाएकी बंद केला होता. घरच्यांनी ते हसण्यावारी नेले. मला मात्र यात पोराचा हट्ट दिसला नाही, व्यवहारच दिसला.

युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ 2014 साली बाजारात आणला आणि 31 मार्च 2024 रोजी त्याचे सर्व्हर मिटविले. एकट्याने खेळणाराचीही गाडी जागीच थांबली, कारण खेळाचा अर्धा कारभार कंपनीच्या यंत्रांवर! युरोपात खेळणारांनी याविरुद्ध दहा लाखांहून अधिक सह्या जमविल्या. कॅलिफोर्नियाचा कायदा 2025 पासून विक्रेत्यास स्पष्ट सांगावयास लावतो की, गिऱ्हाइकास मिळतो तो केवळ वापराचा परवाना. म्हणजे दुकानदार खरे बोलू लागला. खेळ काही वाचला नाही.

बहिणीच्या घरी तिच्या सासूबाईंचा सोंगट्यांचा कापडी पट आहे. निजामी गेली, 1956 साली बीदर म्हैसूर राज्यात गेले. पट आपला खुंटीवरच. त्या दिवशी तो काढला. दोन सोंगट्या हरवल्या आहेत, त्यांच्या जागी चिंचोके ठेवून भाच्याबरोबर खेळलो.