"हिला डोके नाही" म्हणू नका!

दहावीचा निकाल लागला की आमच्या लोणंदच्या वस्तीत दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरातून पेढे वाटले जातात, तर दुसऱ्या घराचे दार भरदिवसा लोटलेले असते. यंदा अशाच एका लोटलेल्या दारातली भगिनी मुलीला घेऊन आमच्याकडे आली. ती वखारीवर कांदा निवडते आणि बाजाराच्या दिवशी थोडा माळवा विकते. मुलगी गणितात नापास झाली होती.

"हिला डोस्कंच न्हाई वो दादा. तीनतीनदा वाचती, पन ध्यानात काय राहत न्हाई. आता येऊ दे माझ्यासंगं वखारीवर, चार पैसं तरी मिळतील."

मुलगी खाली मान घालून उभी होती. आम्ही तिला विचारले, "बाळ, बाजारात हिशेब कोण करतं?"

"मीच करते."

"मग सांग, बावीस रुपये किलोनं सव्वातीन किलो कांद्याचे किती झाले?"

"साडेएकाहत्तर. सुटे नसले तर एकाहत्तर द्या!"

आम्ही कागदावर ३.२५ × २२ असे लिहून कागद तिच्यापुढे सरकवला. तिने बराच वेळ पेन चावले आणि उत्तर लिहिले ७१५. दशांशचिन्ह कुठेतरी हरवले होते. हिशेब तोच, आकडे तेच आणि डोकेही तेच! मग तोंडी बरोबर आलेले उत्तर कागदावर का चुकले?

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न एकट्या लोणंदचा नाही. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांची अशीच पाहणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ती २०२५ साली प्रसिद्ध झाली. बाजारातले अवघड हिशेब तोंडी करणारी मुले शाळेच्या पद्धतीची साधी गणिते कागदावर चुकत होती. उलट, कागदावर बरी असणारी शाळकरी मुले बाजारी हिशेबात अडखळत होती. म्हणजे दोघांनाही डोके होते. या दोन गणितांना जोडणारा पूल कोणी बांधून दिला नव्हता, एवढेच.

'बुद्धी' मोजण्याचा इतिहासही आपण जाणून घेतला पाहिजे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने याने बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलाला जादा मदत लागते हे शोधण्यासाठी. मुलाच्या कपाळावर शिक्का मारण्यासाठी नव्हे. बुद्धी ठराविक असते, ती वाढत नाही, असे मानणाऱ्यांना त्याने १९०९ साली आपल्या पुस्तकात सडेतोड विरोध केला. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी ही चाचणी बेतली. त्यांचे काम १९३४ साली प्रसिद्ध झाले. परंतु चाचणी करणारे बाजूलाच राहिले आणि शिक्का मारणारे मात्र घरोघर निघाले. 'मठ्ठ', 'ढ', 'डोके नसलेला' हे शिक्के आपणच आपल्या लेकरांवर मारतो.

आता "ध्यानात राहत नाही" या तक्रारीकडे वळू. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेली निरर्थक अक्षरे तासाभरात निम्म्याहून जास्त आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दोन तृतीयांश विसरली जातात. अर्थ समजून शिकलेले जास्त टिकते हे खरे, पण विसरणे हा मनाचा धर्मच आहे. त्यावर उपाय काय? २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी एकदा वाचून, कागद मिटून, आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले!

याचा पुरावा आपल्या विहारातच आहे. पाच वर्षांचे पोर त्रिसरण-पंचशील घडाघडा म्हणते. त्याला ते कोणी रट्टा मारून शिकवले? नाही. दर रविवारी, पुस्तक न बघता, सर्वांबरोबर ते म्हणते. अडले तर शेजारचा पुढचा शब्द देतो, आणि पुढच्या रविवारी ते पुन्हा म्हणते. आठवणे, मध्ये दिवस जाऊ देणे आणि परत आठवणे, हीच तर अभ्यासाची रीत आहे. मग विहारात चालणारी रीत घरी गणिताच्या सूत्राला का लावू नये?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे उमेद. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. कोणाची जात पुकारली नाही तेव्हा उच्चवर्णीय आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. पण सर्वांसमोर नाव आणि जात वाचून दाखवताच दलित मुलांची कामगिरी घसरली. घटकाभरात त्यांची बुद्धी कमी झाली का? बुद्धी नाही, उमेद कमी झाली! सर्वांदेखत पुकारलेल्या जातीने जर असे होत असेल, तर दररोज आईबापांच्या तोंडून "तुला डोके नाही" असे ऐकणाऱ्या मुलीचे काय होत असेल?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत त्यांना वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. १९०७ साली मुंबईत ते मॅट्रिक झाले, तेव्हा ७५० पैकी २८२ गुण पडले होते. त्या आकड्यावरून कोणी त्यांचे डोके मोजले असते तर? पण परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत आणि मग लवकर निजलेल्या भीमाला अभ्यासाला उठवीत. घर एका खोलीचे होते, पण त्या घरात "तुला जमणार नाही" हा शब्द नव्हता.

तेव्हा आयाबहिणींनो, तुम्हाला लिहिता-वाचता येत नसले तरी चार गोष्टी तुमच्या हातात आहेत. मुलाचा धडा वाचून झाला की पुस्तक आपल्या हातात घ्या आणि म्हणा, "आता मला सांग." तोच धडा दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने विचारा. चूक झाली तर "कुठं अडलं?" असे विचारा, "डोके नाही" असे म्हणू नका. आणि मूल सारखेच अडत असेल तर त्याला फळा नीट दिसतो का, ऐकू येते का, हे सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. लेकराचा दोष म्हणून मारलेल्या कित्येक थपडा खरे तर चष्म्याच्या नंबराच्या असतात.

त्या मुलीला आम्ही एवढेच म्हणालो, "३.२५ म्हणजे तुझे सव्वातीन. नुसत्या तीन किलोचे किती?" "सहासष्ट." "मग सव्वातीनचे सातशे पंधरा कसे होतील?" ती क्षणभर थांबली आणि हसली. पेन उचलून तिने आपल्या हाताने सातावर एक ठेवून टिंब दिले: ७१.५.

तिची आई बघतच राहिली. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला आहे. वखारीवरून आली की आई पुस्तक हातात धरून बसते. निकाल काय लागेल हे आम्ही आज सांगू शकत नाही. पण त्या घराचे दार आता दिवसा उघडे असते.

जयभीम!