मांजराचं पिल्लू, माकडाचं पिल्लू

तीन-चार वर्षांचं मूल घेऊन जपानला जायचं म्हटलं की घरात तीन प्रश्न हमखास निघतात. खर्च किती येईल, पोर तिथे खाईल काय, आणि एवढ्याशा जिवाला पुढे त्यातलं आठवणार काय. २०२४ साली भारतातून जपानला गेलेल्यांची संख्या सव्वादोन लाखांच्या पुढे गेली, तेव्हा हे प्रश्न आता केवळ मुंबई-पुण्याच्या घरांपुरते उरलेले नाहीत. तिन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रवासात मुलाचं ओझं वाहणार कोण? आईबाप एकटे, की तो रस्ता, ती गाडी आणि ते गावही त्यात हात देणार? जपानच्या सहलीची आखणी या प्रश्नावरून करावी असं माझं म्हणणं आहे. आणि तशी ती केली, की पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याला जाणारं कुटुंब नेमकं काय काय सोसतं, हेही वेगळं दिसायला लागतं.

भक्तीच्या चर्चेत आपल्याकडे दोन न्याय सांगतात. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहतं. त्याची पकड सुटली तर ते पडतं. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही. आई त्याला तोंडात अलगद धरून हवं तिथे नेते. जपानमध्ये सामान पोहोचवणाऱ्या यामातो कंपनीचं चिन्ह नेमकं हेच आहे, पिल्लाला तोंडात धरून चाललेली काळी मांजर. या कंपनीने १९७६ च्या जानेवारीत घरपोच सामान नेण्याची सेवा सुरू केली तेव्हा पहिल्या दिवशी अवघी ११ पार्सलं आली होती. आज टोकियोच्या हॉटेलात सकाळी बॅग सोपवली की ती साधारण दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलात हजर असते. मूल घेऊन जाणाऱ्या आईबापांना या एका सोयीचा जो उपयोग आहे तो कुठल्याही देवळाच्या यादीपेक्षा मोठा आहे, कारण तिच्यामुळे दोन्ही हात मुलासाठी मोकळे राहतात. अशा सोयी तिथे जागोजाग आहेत. सहा वर्षांखालच्या मुलाला गाडीत तिकीट पडत नाही. शिंकान्सेन या वेगवान गाडीतही वेगळी जागा घेतली नाही तर ते फुकट येतं. टोकियो ते क्योटो सव्वादोन तासांचा प्रवास, आणि त्या गाडीच्या अकराव्या डब्यात एक स्वतंत्र खोली असते, जिथे बाळाला पाजता येतं. मोठ्या स्थानकांत आणि दुकानांत लंगोट बदलायची सोय असते, बऱ्याच ठिकाणी पुरुषांच्या शौचालयातही. नळाचं पाणी थेट पिता येतं. तेव्हा जपानची तयारी करताना घरातून निम्मं सामान कमी करता येतं. आपल्या घरांना ते पटायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे लहान मुलाबरोबरचा प्रवास म्हणजे सगळं घरच बरोबर न्यायचं, हे आपण गृहीत धरलेलं असतं.

पण जी गोष्ट दुसरा कोणी वाहून नेऊ शकत नाही ती म्हणजे मुलाचा दिवस. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. घरी रात्री साडेनऊला झोपणारं मूल तिथल्या एक वाजेपर्यंत टक्क जागं राहणार, आणि तिथले सकाळचे आठ म्हणजे त्याच्या शरीराला पहाटेचे साडेचार. म्हणून पहिल्या तीन दिवसांत सकाळी काहीही ठरवू नये. आठ-दहा दिवसांत दोन मुक्काम पुरेत, टोकियो आणि क्योटो, फार तर तिसरा एखादा. दिवसाला एकच मोठी गोष्ट. टोकियोतलं उएनोचं प्राणिसंग्रहालय अशा एका दिवसाला पुरतं, आणि तिथे सांगण्यासारखी एक गोष्टही आहे. युद्धकाळात, १९४३ मध्ये, तिथले हत्ती उपाशी ठेवून मारले गेले. युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी हत्तीसाठी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली, आणि १९४९ च्या सप्टेंबरात म्हैसूरकडची एक हत्तीण समुद्रमार्गे तिथे पोहोचली. तिचं नाव इंदिरा. पुढे १९८३ पर्यंत ती जपानी मुलांची होऊन राहिली. चार वर्षांच्या मुलाला ही गोष्ट झोपताना सांगितली तर दुसऱ्या दिवशी ते हत्तीपुढे तासभर उभं राहील. तो तास आपल्या कागदावर शिल्लक ठेवलेला असायला हवा, एवढंच. ऋतूचंही असंच. चेरीच्या बहराच्या मागे मार्चअखेर सगळं जग धावतं, तेव्हा गर्दीही तशीच. मेच्या सुट्टीत जायचं तर २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपासचा तिकडचा सुट्ट्यांचा आठवडा टाळून त्यानंतर जावं. जूनमध्ये त्यांचा पावसाळा लागतो. दिवाळीची सुट्टी मला सर्वांत उत्तम वाटते. हवा कोरडी आणि गार असते, आणि डोंगराळ भागात पानं रंगायला लागलेली असतात.

जपान काय उचलत नाही तेही ओळखून असावं. शाकाहारी घराला तिथे खरा त्रास होतो, कारण माशाचा अर्क रस्सा, सूप, भाजी अशा सगळ्यांत असतो आणि तो दिसत नाही. मुलाचं त्यातल्या त्यात निभतं, कारण साधा भात, दही, दूध, केळी कोपऱ्यावरच्या दुकानात रात्रीही मिळतात. मोठ्यांनी मेतकूट आणि चटण्या न्याव्यात. औषधांबाबत हयगय नको. सर्दीच्या काही औषधांत स्यूडोएफेड्रीन असतं, आणि त्याचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ते औषध जपानमध्ये नेताच येत नाही. रस्त्यावर कचराकुंड्या फारशा नाहीत. १९९५ च्या टोकियोतल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर अनेक ठिकाणच्या काढून टाकल्या गेल्या. वापरलेला लंगोट आपल्याच पिशवीत दिवसभर वागवावा लागतो. सकाळच्या गर्दीच्या वेळी मूल घेऊन लोकलमध्ये चढू नये.

इथे कोणी म्हणेल, एवढा विचार करण्यापेक्षा आपल्या मराठी सहल कंपनीबरोबर जावं. बॅगही तेच बघतात आणि वरण-भातही तेच देतात. शाळकरी मुलांच्या आणि आजी-आजोबांच्या बाबतीत हे मला पूर्ण मान्य आहे. चाळीस माणसांच्या गटाबरोबर परक्या देशात वावरण्याचा धीर या कंपन्यांनी आपल्या हजारो घरांना दिला, ही लहान गोष्ट नव्हे. पण गटाची बस सकाळी आठला सुटते, आणि ते आठ मुलाचे साडेचार असतात. कंपनी सामान उचलते, जेवण उचलते, पण मुलाचं घड्याळ उचलू शकत नाही. एका मुलासाठी बाकीच्या एकोणचाळीस जणांना थांबवणं तिलाही बरोबर वाटणार नाही. पाच वर्षांखालचं मूल असेल तर स्वतःचं स्वतः जावं, हळू जावं.

आता गगनबावडा. कोल्हापूरपासून ५५ किलोमीटर. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, पलीकडे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट, वर गगनगड आणि गगनगिरी महाराजांचा मठ, ओढ्यात कोरलेली पळसंब्याची लेणी. एका दिवसात मुलाला ढग हाताला लागावेत असं ठिकाण जिल्ह्यात दुसरं क्वचितच असेल. पण आषाढात चार वर्षांचं मूल घेऊन निघालेल्या आईच्या बाजूने हाच रस्ता बघा. जोराचा पाऊस झाला की मांडुकलीजवळ कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर येतं आणि वाहतूक थांबते. ते कळवणारा फलक अलीकडच्या गावात असेल तर बरं, नाहीतर पाण्यापर्यंत जाऊन परत फिरायचं. घाटाच्या कडेला गाडी थांबवली की मुलाला बाहेर काढायचं ते धावत्या गाड्यांच्या शेजारीच. भिजलेले कपडे बदलायला आडोसा कुठे? लघवीला कुठे न्यायचं? मुलगा असेल तर झाडामागे, आणि मुलगी असेल तर? बरोबर आलेल्या आजीचं काय? या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक कुटुंब आपापल्या गाडीच्या डिकीत भरून आणतं. टॉवेल, कपड्यांचे तीन जोड, थर्मास, छत्री, प्लास्टिकच्या पिशव्या. ज्यांच्याकडे गाडीच नाही ते तेवढं सामान घेऊन एसटीने येऊच शकत नाहीत, म्हणून ते येत नाहीत. इथे मूल माकडाचं पिल्लू असतं, आणि त्याला धरून बसलेली आईही तशीच.

जपान श्रीमंत देश आहे, त्यांची संस्कृतीच तशी, एका डोंगराळ तालुक्याशी त्याची तुलना कशी करता, हा आक्षेप मला ठाऊक आहे. संस्कृतीचं कारण मला पटत नाही. कित्येक वर्षं जपानमध्येही गाडीत चढताना बाबागाडी दुमडून हातात धरावी, मूल कडेवर घ्यावं, अशीच अपेक्षा असे. उघडी बाबागाडी आणणाऱ्या आयांकडे लोक कपाळाला आठ्या घालून बघत, वर्तमानपत्रांत वाद झडत. २०१४ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने ठरवलं की बाबागाडी न दुमडता आणता येईल, आणि तसं सांगणारं एक चिन्ह डब्यांत लावलं. चिकटवायच्या त्या चित्राला किती पैसे लागले असतील? उद्वाहकांचंही तसंच. स्थानकांत ते सगळीकडे दिसतात ते २००० साली झालेल्या कायद्यामुळे. रोज पाच हजारांहून अधिक प्रवासी असलेल्या स्थानकांत पायऱ्यांशिवायची वाट २०१० पर्यंत व्हावी असं उद्दिष्ट तेव्हा ठरलं. तेही मुलांसाठी नव्हतं. देश म्हातारा होत चालला होता, गुडघे दुखणाऱ्यांची संख्या वाढत होती. आजीसाठी बसवलेल्या उद्वाहकातून बाबागाडीही वर गेली. पैसा लागला हे खरं, पण त्याआधी निर्णय लागला.

आणि असे निर्णय आपणही घेतलेले आहेत, हे आपण विसरतो. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. म्हणजे आई, मूल आणि आजी कोल्हापूरहून गगनबावड्याला निघाल्या तर तिकिटाचं बहुतेक ओझं राज्याने आधीच उचललेलं आहे. एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष ठेवायचे, हेही आपणच ठरवलं, आणि त्या नावात केवढा अर्थ आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या त्या आईचं आपण कौतुक करतो, तिच्या नावाचा बुरूज दाखवतो. तिचं नाव एका खोलीला देणं म्हणजे यापुढे कुठल्या आईला कडा उतरावा लागू नये असा शब्द देणं. ही खोली अनेक स्थानकांवर कुलूपबंद असते, तिच्यात अडगळ भरलेली असते, अशा तक्रारी वर्षानुवर्षं छापून येतात. कुलूप काढायला श्रीमंत देश व्हावं लागत नाही. गगनबावड्याला एसटीचं आगार आहे. पावसाळ्याचे चार महिने तिथे कोरडी, उघडी, उजेडाची एक खोली, बायकांसाठी पाणी असलेलं शौचालय आणि घाटाची, पुराची खबर लिहिलेला एक फळा, एवढं झालं तरी गाडी नसलेल्या घरातलं मूल ढग बघायला येऊ शकेल.

सोयी केल्या की डोंगराचा बाजार होतो, पावसात भिजण्यातली मजा जाते, असं निसर्गावर प्रेम करणारी माणसं म्हणतात. त्यांच्या भीतीला आधार आहे. महाराष्ट्रातली कितीतरी ठिकाणं हॉटेलांनी आणि कचऱ्याने विद्रूप झालेली आपण पाहतो. पण मी भिजणं बंद करा म्हणत नाही. मुलाने मनसोक्त भिजावं, चिखलात बसावं, गडाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढाव्यात. भिजल्यावर कोरडं व्हायला जागा हवी. दोन तास लघवी दाबून बसलेल्या मुलीला निसर्ग अधिक कळतो असं मला वाटत नाही. दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. एवढ्या सोयी असलेल्या जपानमध्ये २०२४ साली सात लाखांपेक्षा कमी मुलं जन्मली, मग त्या सोयींनी साधलं काय? खरं आहे, स्थानकातल्या पाळणाघराने वा उद्वाहकाने कोणी मूल होऊ देत नाही. त्याची कारणं कामाच्या तासांत, घरांच्या भाड्यांत, बायकांवर पडणाऱ्या घरकामात आहेत. पण जे मूल जन्मलं आहे त्याला आणि त्याच्या आईला बाहेर पडता यावं, ही गोष्ट जन्मदराच्या आकड्यासाठी करायची नसते. गगनबावडा तालुक्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत पस्तीस हजारांच्या आसपास होती, आणि तरणी माणसं कोल्हापूर, पुणे, मुंबईला जातात. मागे राहिलेल्या आजी-आजोबांकडे सुट्टीत नातवंडं येतात. त्या दोघांचे गुडघे आणि त्या नातवाचे पाय यांना एकच पायरी जड जाते.

कोल्हापूर ते वैभववाडी रेल्वेमार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. सुमारे १०७ किलोमीटरचा हा मार्ग सह्याद्री ओलांडून कोकण रेल्वेला मिळायचा आहे, आणि तो अजून व्हायचा आहे. ज्या दिवशी या भागातल्या स्थानकाचा नकाशा लोकांपुढे येईल त्या दिवशी तालुक्यातल्या आयांनी तो बघायला मागावा. फलाटावर जायला उतार कुठे काढला आहे, पाण्याचा नळ किती उंचीवर आहे, आणि हिरकणी कक्षाची किल्ली कोणाकडे राहणार आहे.