चौदाव्या दिवशी कोण येते?

गेल्या वैशाखात एका तालुक्याच्या गावी जाणे झाले. उतरण्याचे ठिकाण नेहमीचेच, तिथल्या एका जुन्या स्वयंसेवकाचे घर. परंतु एस.टी. स्थानकावर आलेले तिघे-चौघे कार्यकर्ते मला त्या घराकडे न नेता आधी हॉटेलात घेऊन गेले आणि चहा येण्यापूर्वीच एकाने खिशातून कागद काढला. पोलीस ठाण्यात द्यावयाच्या तक्रारअर्जाचा तो मसुदा होता. ज्यांच्याकडे मी उतरणार होतो त्यांच्याच पत्नी, आम्हा सर्वांच्या वहिनी, गेले काही महिने दर रविवारी ख्रिस्ती प्रार्थनेला जातात, घरातले देव त्यांनी उचलून ठेवले आहेत आणि यामागे एक परिचारिका व एक बाहेरगावचा प्रचारक आहे, असा त्यातील मजकूर. ‘तुम्ही लेखणीवाले, भाषा जरा कडक करून द्या,’ एवढीच अपेक्षा होती.

मी एकच प्रश्न विचारला. त्या घरातला चोवीस वर्षांचा मुलगा महामार्गावरील अपघातात जाऊन अकरा महिने झाले होते. तेराव्यानंतर तुमच्यापैकी कोण, किती वेळा त्या घरी गेले? बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी एकजण म्हणाला, ‘संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो होतो.’ आणि बोलता बोलता त्याचाच चेहरा उतरला. त्या घरी त्या वर्षी संक्रांत नव्हती.

मतांतरणाविषयी आपण बोलतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र असते. परदेशी पैसा, धान्याची पोती, शाळेतील प्रवेश, भोळा वनवासी आणि धूर्त मिशनरी. हे चित्र खोटे आहे असे कोणी समजू नये. मध्य प्रदेश शासनाने १९५४ मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने दोन वर्षे गावोगाव फिरून जो अहवाल १९५६ साली दिला, त्यात शाळा, दवाखाने आणि अनाथालये यांचा उपयोग मतांतरणासाठी कसा होतो हे नोंदवलेले आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी हे त्या समितीचे अध्यक्ष. आपले पुरोगामी विद्वान त्या अहवालाचे नावही काढत नाहीत. परंतु या चित्रात आमच्या वहिनी कुठे बसतात? त्यांना कोणी धान्य दिले नाही, त्यांची त्यांना गरजही नव्हती. यजमान निवृत्त शिक्षक, घर स्वतःचे, घरात ज्ञानेश्वरीचे नित्य वाचन. या स्त्रीला कोणत्या आमिषाने नेले म्हणायचे?

याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. महाराष्ट्राच्याच इतिहासात सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे, म्हणजे झाले.

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या घरांत आजही काहीशा अढीने घेतले जाते. त्या अढीला कारणे आहेत, ती पुढे सांगतो. परंतु त्यांचा पूर्वार्ध आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून स्वकीयांचा रोष पत्करला, गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले, पुढे कुटुंबासह तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत हिंडले. १८७० च्या दशकातील दुष्काळात हे कुटुंब अन्नान्न झाले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेले भाऊ-बहीण हजारो मैल पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी विशीतल्या मुलीची विद्वत्ता पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८० मध्ये तो भाऊही गेला. विवाह केला, तर १८८२ च्या प्रारंभी पती पटकीने गेले. वय तेवीस, मांडीवर वर्षाच्या आतली मुलगी.

ज्या विदुषीला शास्त्री-पंडितांनी हार घातले, ती विधवा झाल्यावर तिच्यासाठी या समाजाकडे काय होते? पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. सुधारकांनी कौतुक केले, सनातन्यांनी टीका केली. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे काय होते हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. लंडनमधील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी चालवीत असलेले, ज्यांना समाज पतिता म्हणतो अशा स्त्रियांचे एक आश्रयस्थान त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना ममतेने वागवणारी माणसे त्यांना आयुष्यात प्रथमच दिसली होती. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. आधी माणसे दिसली, मग ग्रंथ उघडला गेला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण आजही उलट क्रमाने जातो. ग्रंथ आधी सांगतो, तोही व्यासपीठावरून.

आता त्या अढीविषयी. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढल्या वर्षी पुण्यास आलेले शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील, असे आश्वासन होते. त्या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात बसले. १८९३ मध्ये विधवा मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात हे उघड झाल्यावर ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. आश्वासनाचा भंग झाला होता आणि त्यावरचा संताप योग्यच होता. पुढे १८९६ पासूनच्या दुष्काळांत बाईंनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून शेकडो निराधार मुली केडगावला आणल्या आणि त्यांतील बहुतेकींच्या वाट्याला ख्रिस्ती धर्म आला. उपासमारीतून उचललेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीने नवा धर्म स्वतःच्या विवेकाने निवडला, असे बाईंचे कितीही मोठे चाहते असले तरी त्यांनी मला सांगू नये.

पण मग मला स्वतःलाही एक प्रश्न टाळता येत नाही. त्या मुली रस्त्यावर, धर्मशाळांच्या ओट्यांवर, दलालांच्या हाती पडल्या होत्या, तेव्हा त्यांना आणायला आपल्यापैकी कोण गेले होते?

पुण्याने शारदा सदनाविरुद्ध लिहिलेल्या लेखांनी एकाही विधवेचे जेवण झाले नाही. ते झाले धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे. त्याच शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी त्यांनी १८९३ मध्ये विवाह केला, त्यासाठी बहिष्कार सोसला आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. पुण्यातील एखाद्या विधवेला शिकण्यासाठी धर्म सोडावा लागू नये, याची तजवीज त्या गृहस्थाने केली, तीही मिशनरींवर एक अपशब्द न उच्चारता. स्वामी विवेकानंदांचेही तेच. १८९३ च्या सप्टेंबरात शिकागोच्या परिषदेत त्यांनी मिशनरींना तोंडावर सुनावले की, भुकेल्यांना धर्म नको, भाकरी हवी. असे सुनावून ते थांबले असते तर ते केवळ एक टाळ्यांचे वाक्य ठरले असते. १८९७ मध्ये त्यांनी रामकृष्ण मिशन स्थापले आणि त्याच वर्षी त्यांचे गुरुबंधू अखंडानंद मुर्शिदाबादच्या दुष्काळात अन्न वाटीत होते.

दुःखात देव सापडणे ही काही ख्रिस्ती पंथाची मक्तेदारी नाही. इ.स. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात देहूच्या एका वाण्याचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, आणि त्या राखेतून तुकोबा उभे राहिले. आपल्या मराठी मनाला धीर देण्याची जेवढी शक्ती त्या गाथेत आहे तेवढी अन्यत्र क्वचितच असेल. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तरी आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून, हे त्यांना मान्य करावे लागले. त्यांची ख्रिस्ती भजनेही अभंगाच्याच छंदात उतरली. धीराचे इतके मोठे धन ज्याच्या घरात आहे त्या समाजातील माणूस दुःखात उपाशी राहतो, ही गोष्ट आपल्याला अस्वस्थ का करीत नाही?

त्या दिवशी संध्याकाळी मी वहिनींशीच बोललो. त्या काही लपवीत नव्हत्या. ‘भावजी,’ त्या म्हणाल्या, ‘तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चौदाव्या दिवशी भांडी घासून झाल्यावर मी एकटी बसले. हे तर बोलायचेच बंद झालेले. त्यानंतर बुधवारी ती सिस्टर आली. आमच्या बाळ्याच्या शेवटच्या घटकेला तीच होती ना तिथे. तो काय बोलला ते तिने मला सांगितले. मग दर बुधवारी यायची, बसायची, जायची.’ तीन महिने त्या परिचारिकेने धर्माचा शब्दही काढला नव्हता. वहिनींनीच विचारले, तुम्ही कुठे जाता प्रार्थनेला, म्हणून.

त्या परिचारिकेविरुद्ध तक्रारअर्ज लिहायला माझा हात धजणार नाही.

तो प्रचारक मात्र वेगळा. दोन-तीन महिन्यांनी झालेल्या चंगाई सभेत त्याने या माउलीला सांगितले की, तुमचा मुलगा गेला तो घरातील मूर्तींमुळे; त्या काढल्याशिवाय शांती मिळणार नाही. शोकाने खिळखिळ्या झालेल्या मनाला भीती घालून त्याच्याकडून देव्हारा रिकामा करवून घेणे याला धर्मप्रचार म्हणत नाहीत. आपल्या श्रद्धेचा प्रसार करण्याचा हक्क घटनेच्या पंचविसाव्या कलमाने दिला आहे. परंतु त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा मूलभूत हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लाउस खटल्यात स्पष्ट केले आहे. आजाऱ्याला ‘विश्वास ठेव, बरा होशील’ आणि बरा न झाल्यास ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सांगणाऱ्या या चंगाईवाल्यांना जाब विचारलाच पाहिजे, आणि आमच्या अंधश्रद्धांवर तुटून पडणाऱ्या मंडळींनी तिथे मौन पाळू नये. ख्रिस्ती समाजातील सुजाण धर्मगुरूंनीही स्वतः होऊन त्यांना आवरावे.

वहिनींनी मात्र पुढे जे सांगितले ते मला तितकेच झोंबले. प्रचारकाच्या कितीतरी आधी, दहाव्याच्या दिवशी, आमच्याच नात्यागोत्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी त्यांच्या शेजारी बसून म्हटले होते, ‘पूर्वजन्मीचे काही असेल बाई, नाहीतर असे तरणेताठे पोर जाते का?’ कर्मसिद्धांत हा माणसाला स्वतःच्या कृतीची जबाबदारी शिकवण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या जखमेवर मीठ म्हणून नाही. त्या बाईंनी आणि त्या प्रचारकाने एकाच आईला एकच गोष्ट सांगितली, तुझ्या मुलाच्या मृत्यूचे कारण तू. फरक इतकाच की प्रचारकाने उपायही सांगितला.

आपल्याकडे सेवाकार्य नाही, असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. जशपूरला १९५२ मध्ये सुरू झालेला वनवासी कल्याण आश्रम, परळला परगावच्या रुग्णांची सोय पाहणारी नाना पालकर स्मृती समिती, गावोगाव खाटा आणि चाकांच्या खुर्च्या पुरवणारी जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे, हे सारे आपल्यातीलच माणसांनी उभे केले आहे. भूकंप असो वा पूर, स्वयंसेवक पहिल्या तासाला पोहोचतो. पण ज्या आपत्तीची बातमी होत नाही, जी एकाच घरावर कोसळते आणि वर्षभर कोसळतच राहते, तिथे आपण कमी पडतो. पूर्वी हे काम वाडा करीत असे, चाळ करीत असे, शेजारच्या काकू दुपारी निवडायची भाजी घेऊन त्या घरी जाऊन बसत. वाडे गेले, काकू दूरदर्शन संचापुढे बसल्या. ख्रिस्ती मंडळींच्या रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांची, शोकग्रस्तांची नावे घेऊन प्रार्थना होते. आठवड्यात कोणाकडे जायचे हे त्यातून सर्वांना कळते. आपल्या मंदिरांच्या फलकावर महाप्रसादाच्या पंगतीचे यजमान असतात. शाखेतही गटनायकाने न आलेल्याच्या घरी जाण्याची रीत आहेच. ती घरातील स्त्रियांपर्यंत कधी पोहोचली? या प्रश्नाचे उत्तर समितीच्या भगिनींनी आणि आपण मिळून द्यायचे आहे.

तो अर्ज मी लिहून दिला नाही. प्रचारकाच्या सभेबद्दल वेगळी, नेमकी तक्रार करायची असेल तर वहिनींना विचारून करा, त्यांच्या नावाने परस्पर काही करू नका, एवढे सांगितले. कार्यकर्ते नाराज झाले. त्यांतील सर्वांत धाकटा, तोच तिळगूळवाला, सकाळी एकटाच आला आणि यजमानांजवळ ओट्यावर तासभर बसला. दोघांत बोलणे असे काही झाले नाही.

निघताना वहिनींनी हातावर दही घातले. मी देव्हाऱ्याकडे पाहिलेले त्यांच्या ध्यानात आले असावे. ‘टाकले नाहीत हो,’ त्या म्हणाल्या, ‘गावाला जाताना ठेवतो तसे तांदळात ठेवलेत.’