कॅसिनोचा पाहुणचार

बायकांना प्रवेश निम्म्या दरात. जेवण आणि पेयं हवी तेवढी, त्याचे वेगळे पैसे नाहीत. रात्रभर नाचगाणी. मुलांना खेळायला वेगळी खोली, त्यांना सांभाळायला माणसं. शिवाय पहिल्या काही डावांपुरत्या चिप्स कॅसिनोकडूनच. पणजीतल्या एका कॅसिनोच्या हातपत्रकावर एवढं सगळं रंगीत अक्षरांत छापलेलं होतं. आमच्या सल्ला केंद्रावर आलेल्या एका बाईने ते पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. नवऱ्याची पँट धुवायला घेतली तेव्हा खिशात सापडलं, म्हणाली.

त्या पत्रकातली मुलांची खोली मला सगळ्यात जास्त बोचली. कारखान्यात काम करणाऱ्या बायकांसाठी पाळणाघर असावं अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यात झाली. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी कामगार बायकांना आणि त्यांच्या संघटनांना किती चपला झिजवाव्या लागल्या, हे आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्या सांगू शकतील. शेतावर, बांधकामावर, रोजगार हमीच्या कामावर बाईचं मूल अजूनही झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत असतं. आणि इथे कोणी मोर्चा न काढता, निवेदन न देता पाळणाघर तयार! आईबापांना जुगार निवांत खेळता यावा म्हणून.

आमचं केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. सावंतवाडीहून पणजी गाडीने दीड-दोन तासांवर. नोकरीला, बाजाराला, बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात आमची माणसं रोज गोव्यात जातात, त्यामुळे 'गोव्याला जाऊन येतो' या वाक्याला घरात कोणी हरकत घेत नाही. कॅसिनोच्या तक्रारी आमच्याकडे 'कॅसिनो' या नावाने येतच नाहीत. त्या येतात मारहाण म्हणून, खर्चाला पैसे देत नाही म्हणून, सोनं विकलं म्हणून. चार-पाच भेटी झाल्या की खालचं बाहेर येतं. एका बाईच्या नावावर बचत गटातून शिलाई मशीनसाठी कर्ज काढलं होतं. मशीन आलंच नाही. हप्ते ती काजूच्या कारखान्यात बिया सोलून फेडत होती, आणि गटातल्या बाकीच्या नऊजणी तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या, कारण एकीचा हप्ता थकला की गटाची पत जाते. दुसरीचं मंगळसूत्र पतपेढीत तारण होतं आणि तिला वाटत होतं की ते सोनाराकडे गाठवायला दिलंय. तिसरी म्हणाली ते वाक्य मी विसरलेले नाही: "दारूचो वास तरी येता ताई, ह्याचो वासय येणा नाय." दारुड्याच्या बायकोला निदान कळतं की आज काय झालंय. जुगाऱ्याच्या बायकोला कळतं ते वसुलीवाला दारात उभा राहिल्यावर.

म्हणून आम्ही तिघी कार्यकर्त्या एका शनिवारी पाहायला गेलो. जेट्टीवरच्या काउंटरवर आधार कार्ड बघितलं, पत्ता वाचला, महाराष्ट्राच्या आहोत याची खात्री करून घेतली आणि हातात पट्टा बांधला. लहान होडीतून मोठ्या बोटीवर नेलं. 'ऑफशोअर' म्हणजे समुद्रात, असा आपला समज. पण या बोटी मांडवी नदीत, पणजीच्या रस्त्यावरून दगड मारला तर लागेल इतक्या जवळ नांगरलेल्या आहेत. आत गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की घड्याळ कुठेच नाही, आणि खेळायच्या मजल्यावर बाहेरचं काही दिसत नाही. बाराला गेलेलो आम्ही चारला बाहेर पडलो तेव्हा तासभरच झाल्यासारखं वाटत होतं. आम्ही तर खेळतही नव्हतो.

वरच्या मजल्यावर कुटुंबं होती. बायका जेवत होत्या, रंगमंचावरचा नाच पाहत होत्या, मोबाईलवर फोटो काढत होत्या. नवरे खाली. अधूनमधून एखादा वर येई, बायकोच्या पर्समधून काहीतरी घेई आणि परत जाई. मुलांच्या खोलीत रात्री दीड वाजता सात-आठ वर्षांची दोन मुलं गादीवर झोपलेली होती, पायांत बूट तसेच.

खाली पैसा दिसत नाही. नोटा देऊन चिप्स घ्यायच्या, प्लास्टिकच्या रंगीत चकत्या. पाचशेची नोट हातातून सुटताना माणूस जरा थबकतो, चकती सरकवताना थबकत नाही. फुकट मिळालेल्या चिप्सचे रोख पैसे होत नाहीत, त्या खेळाव्याच लागतात. जिंकलात तर जिंकलेले तुमचे. तोवर तुम्ही टेबलावर बसलेले असता आणि पेला भरायला माणूस येऊन गेलेला असतो. असा हा पाहुणचार आहे.

कॅसिनोत फसवणूक चालते असं आपण सहज म्हणतो. तसं म्हणायची गरज नाही, गणित उघड आहे. रूलेटच्या चाकावर शून्य धरून ३७ घरं असतात. तुमचा आकडा आला तर लावलेल्या शंभराचे छत्तीसशे मिळतात, तुमचे शंभर त्यातच धरून. म्हणजे सगळ्या ३७ घरांवर शंभर-शंभर ठेवले तर ३७०० रुपये जातील आणि ३६०० परत येतील. उरलेला शंभर मालकाचा, दर फेरीला. टक्क्यांत सांगायचं तर पावणेतीनच्या आसपास. काही चाकांवर दोन शून्यं असतात, तिथे सव्वापाचच्या वर. एवढंच? असं वाटेल. पण तेच पैसे एका रात्रीत पुन्हा पुन्हा टेबलावर येतात आणि हरलेले भरून काढायला माणूस डाव दुप्पट करतो. हे गणित बचत गटाच्या बैठकीत पाटीवर मांडून दाखवा, बायकांना पाच मिनिटांत कळतं. व्याजाचा हिशेब ज्यांना रोज करावा लागतो त्यांना ते कठीण नाही.

तीन पत्तीच्या एका टेबलावर चौघी मैत्रिणी खेळत होत्या, पुण्याच्या. छान हसत होत्या. ठरवून आणलेले पैसे संपल्यावर उठल्याही. बाईने चैन करू नये, रात्री बाहेर राहू नये असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपण उभं राहायचं नाही, हे मला इथे मुद्दाम लिहावंसं वाटतं. कॅसिनोवर टीका करणारे पुष्कळजण शेवटी 'आपल्या संस्कृतीवर' येतात आणि मग बायकांच्या कपड्यांवर. ती वाट आपली नाही.

टेबलामागे पत्ते वाटणाऱ्या मुलींकडे बघून तर सोपी उत्तरं सुचेनाशी होतात. पहाटे जेट्टीवर एक भेटली, ईशान्य भारतातून आलेली, बावीस-तेवीस वर्षांची. पाळीभर उभं राहायचं, हरणारा गिऱ्हाईक शिव्या देतो त्या ऐकायच्या आणि चेहरा हसरा ठेवायचा. पगारातून ती धाकट्या भावंडांची फी भरते. 'हे बंद झालं तर आम्ही कुठे जायचं?' तिने सरळ विचारलं. २००५ साली आपल्या राज्याने डान्सबारवर बंदी घातली तेव्हा हाच प्रश्न बारबालांनी विचारला होता आणि स्त्री-संघटनांमध्येच दोन तट पडले होते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तेच कायम केलं. दरम्यान ज्यांचं काम गेलं त्यांचं पुनर्वसन कोणी केलं नाही. गोव्यात 'बायलांचो साद' या संघटनेच्या सबिना मार्टिन्स आणि 'आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्बलिंग'च्या साथींनी वर्षानुवर्षं कॅसिनोंविरुद्ध रस्त्यावर उभं राहून लढा दिला. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरी 'बंद करा' एवढ्यावर मला थांबता येत नाही, त्या मुलीमुळे.

पण सरकारचं काय? गोव्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगार यंत्रांसाठी आणि १९९६ साली बोटींवरच्या टेबलांसाठी वाट करून देण्यात आली. बोटी मांडवीतून हलवू, असं वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी सांगितलं आणि दर वेळी मुदतवाढ दिली. आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. का? गोव्यातली घरं बुडत होती म्हणून. ही बंदी योग्यच. पण तिचा अर्थ काय होतो पाहा. कॅसिनोने संसार मोडतात हे सरकारला मान्य आहे. बांद्याच्या नाक्याच्या पलीकडचा, पेडण्यातला संसार मोडला तर ते नुकसान आणि अलीकडचा मोडला तर ते पर्यटन! शिवाय गोव्यातल्या बाईला मालमत्तेच्या बाबतीत थोडाफार आधार तरी आहे. तिथल्या जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्याने, वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. आमच्या बाजूच्या बाईला तेवढंही नाही. म्हणजे जिचं संरक्षण कमी, तिच्याच नवऱ्याला आमंत्रण.

महाराष्ट्राने तरी फुशारकी मारू नये. कॅसिनोला परवानगी देणारा कायदा आपल्याकडे १९७६ सालीच झाला होता, तो कधी लागू केला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द करायचं ठरवलं. चांगलं झालं. पण आपले लोक सीमेपलीकडे जाऊन हरतात त्याचं काय, यावर आपलं सरकार एक शब्द बोलत नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा कर्जात बुडालेल्या कुटुंबांचं कारण दिलं. पुढच्याच महिन्यात कॅसिनोवरची जीएसटी २८ वरून ४० टक्के झाली. मोबाईलवर जे पाप, ते नदीवर चाळीस टक्क्यांत धुऊन निघतं.

सिंगापूरमध्ये २०१० साली कॅसिनो सुरू झाले तेव्हा तिथल्या कायद्यात एक सोय ठेवली होती. तिथल्या नागरिकांना दिवसाला शंभर डॉलर भरल्याशिवाय आत जाता येत नसे. २०१९ पासून ते दीडशे झाले. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी तरतूद. जुगाऱ्याची बायको, नवरा, आईवडील, भावंडं, मुलं अर्ज करू शकतात आणि चौकशीनंतर त्या माणसाला कॅसिनोत प्रवेशबंदीचा आदेश निघतो. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना आणि दिवाळखोरांना तर आपोआप बंदी.

ही मागणी आपण गोवा सरकारकडे का करू नये? आधार कार्डावरचा पत्ता वाचून गोवेकराला परत पाठवणारा काउंटर जेट्टीवर आहेच. त्याच काउंटरवर बायकांच्या अर्जावरून तयार झालेली एक यादी ठेवायची. यात धोके आहेत, ते मी लपवत नाही. अर्ज केल्याचं कळलं की तिला मार बसेल, म्हणून अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा संस्थेमार्फत व्हावा आणि त्या काळात तिच्या राहण्याची सोय आधी झालेली असावी. सासरचे लोक सुनेला अडकवायला हाच अर्ज वापरतील असंही होईल, त्यामुळे चौकशी हवीच.

तोवर हातात आहे ते वापरू या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. स्त्रीधन विकणं, घरातल्या वस्तू फुंकणं, खर्चाला पैसे न देणं त्यात येतं. कलम १८ खाली संयुक्त खातं, लॉकर, स्त्रीधन यांना हात लावायला मनाई करणारा आदेश मागता येतो, कलम २० खाली नुकसानीचे पैसे. आमच्या अनुभवात वकील मारहाणीवर सगळा भर देतात आणि कलम १८ चा अर्ज राहून जातो. तोवर खातं रिकामं झालेलं असतं. पहिल्याच दिवशी तो अर्ज लावायला सांगा. दुसरं, जुगारात हरलेल्या पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत, १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० तेच सांगतं. 'तुझा नवरा माझ्याकडे खेळात हरला, तू दे' असं म्हणत कोणी दारात आलं तर बाईने एक पैसाही देऊ नये आणि कशावरही सही करू नये. बँकेचं, गटाचं कर्ज वेगळं, तिथे सही आहे ती बांधते. म्हणून गटांनी एवढं तरी ठरवावं: कर्जाची रक्कम बाईच्या खात्यातून थेट दुकानदाराला जावी, नवऱ्याच्या हातात नको.

जुगाराची सवय हा आजार आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीतही आहे. आमच्या जिल्ह्यात त्यावर उपचार करणारं कोणी आम्हाला सापडलं नाही. दारूसाठी पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून जे उभं केलं, त्यात व्यसनी माणसांच्या बायकांचे 'सहचरी' गट आहेत. जुगाऱ्यांच्या बायकांसाठी तसे गट सीमेलगत सावंतवाडी, दोडामार्ग, चंदगड, बेळगाव इथे हवेत.

आम्ही आमच्या केंद्रातली गेल्या तीन वर्षांची प्रकरणं नावं काढून वेगळी करायला घेतली आहेत. कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर, पुणे इथल्या केंद्रांवरही अशा केसेस 'मारहाण' किंवा 'पोटगी' या शिक्क्याखाली पडून असतील. फायली पुन्हा उघडून पाहा आणि कर्ज कशासाठी काढलं होतं तो रकाना वाचा. तो रिकामा असेल तर बाईला परत बोलावून विचारा आणि आम्हाला कळवा. गोवा सरकारकडे जायचं तर दोन-चार नव्हे, शेकड्याने कागद लागतील.